मुंबईचा किनारा, नवे टॉवर आणि मोकळी जागा: नकाशात नेमकं काय बघायचं?

नकाशेवाला
वरळी, प्रभादेवी, ताडदेव, ब्रीच कँडी या पट्ट्यात पुनर्विकासाची प्रत्येक जाहिरात "इतके टक्के मोकळी जागा" असं सांगते. सोसायटीच्या सभेत तोच आकडा पुन्हा वाचून दाखवला जातो आणि विषय पुढे सरकतो. हा धागा त्या आकड्यासाठी आहे. "मोकळी जागा" या एका शब्दाखाली चार वेगवेगळ्या जमिनी येतात आणि त्या चौघींचा मालक, उपयोग आणि कायदा वेगळा आहे.

पहिली म्हणजे विकास आराखड्यातलं आरक्षण: बाग, खेळाचं मैदान, मनोरंजन मैदान. ही जागा पालिकेकडे यायची असते आणि सगळ्या शहराची असते. दुसरी म्हणजे सुविधा भूखंड. ४,००० चौ.मी. किंवा त्याहून मोठ्या भूखंडाचा विकास होताना त्यातला काही भाग पालिकेला द्यावा लागतो. तिसरी म्हणजे लेआउटमधली मोकळी जागा, म्हणजे एलओएस. जुनी माणसं तिला अजून "आरजी" म्हणतात. ही त्या संकुलातल्या रहिवाशांची. चौथी म्हणजे इमारतीच्या चारही बाजूंनी सोडावं लागणारं अंतर. ते उजेड, वारा आणि अग्निशमन गाडी यांच्यासाठी असतं.

जाहिरातीतला टक्का बहुतेक वेळा या चारांची बेरीज असतो आणि त्यात पोडियमवरची, म्हणजे टॉवरच्या पायाशी असलेल्या पार्किंगच्या मजल्यांच्या छतावरची हिरवळ व क्लबहाउसची गच्चीही मिसळलेली असते. म्हणून पहिला प्रश्न "किती टक्के?" असा विचारूच नका. "चारपैकी कोणती, आणि कुठल्या पातळीवर?" असं विचारा.

एलओएसचं प्रमाण डीसीपीआर २०३४ या मुंबईच्या विकास नियमावलीत भूखंडाच्या आकारावर ठरतं. १,००१ ते २,५०० चौ.मी.ला १५ टक्के, २,५०१ ते १०,००० ला २० टक्के, त्यापुढे २५ टक्के. यातली किमान ६० टक्के जागा जमिनीवर हवी, आणि त्या ६० टक्क्यांपैकी निम्मी तरी "मदर अर्थ"वर, म्हणजे खाली तळघराचा स्लॅब नसलेल्या, पाणी मुरेल अशा खऱ्या जमिनीवर. उरलेले ४० टक्के पोडियमवर चालतात.

उदाहरण घ्या. भूखंड ३,२०० चौ.मी. एलओएस २० टक्के म्हणजे ६४०. जमिनीवर किमान ३८४. खऱ्या मातीवर किमान १९२. झाड मोठं होईल अशी संपूर्ण संकुलातली हमीची जागा एवढीच, साधारण १६ मीटर बाय १२ मीटर. हा तुकडा नकाशात कुठे आहे, त्याचा आकार काय, त्यावरून रॅम्प जातो का, एवढं शोधलं तरी निम्मं काम झालं.

सीफेसवरून
नेमका धागा. एक शंका. सर्वोच्च न्यायालयाने आरजी जमिनीवरच हवी असा निकाल दिला होता ना? मग पोडियमवर ४० टक्के कसे चालतात?

नकाशेवाला
तो निकाल डिसेंबर २०१३ चा, कोहिनूर प्रकरणातला. त्या वेळी १९९१ची विकास नियंत्रण नियमावली लागू होती. तिच्यातली किमान आरजी जमिनीवरच हवी, त्याहून जास्तीची पोडियमवर द्या, असं न्यायालयाने सांगितलं. नवी नियमावली १ सप्टेंबर २०१८ पासून लागू झाली आणि तिने ६०-४० ची विभागणी आणली. त्यामुळे तुमच्या इमारतीचा नकाशा कोणत्या नियमावलीखाली मंजूर झाला, ते आधी बघा. जुन्या नियमावलीत मंजूर होऊन नंतर सुधारित झालेल्या प्रकल्पांत दोन्ही हिशेब एकाच नकाशात दिसतात. तिथे आकडेमोड ओळ न् ओळ तपासावी लागते.

आणखी एक. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या ३३(१०) योजनेत प्रकल्प परवडावा म्हणून एलओएस कमी करायची मुभा आहे, पण जमिनीवर किमान ८ टक्के राखणं बंधनकारक आहे. किनाऱ्याजवळच्या बऱ्याच मोठ्या योजना याच कलमाखाली आहेत. तिथे १५, २०, २५ चा हिशेब मांडून भांडू नका. त्या ८ टक्क्यांवर भांडा.

गिरणगावकर
आकड्यांइतकाच इतिहासही लक्षात ठेवायला हवा, कारण एका शब्दाने किती जमीन जाते ते गिरण्यांच्या बाबतीत मुंबईने पाहिलं आहे.

१९९१च्या नियमावलीतलं कलम ५८ असं होतं: गिरणीची जमीन विकायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, एक तृतीयांश मालकाला. मुंबईत ५८ गिरण्या आणि सुमारे ६०० एकर जमीन. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार करा, बागा आणि रस्ते सलग आखा, असं सुचवलं. २००१ मध्ये कलम बदललं. वाटणी आता संपूर्ण जमिनीची राहिली नाही. मुळात रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. शेड पाडून मोकळी झालेली जमीन वाटणीतून बाहेर गेली. गिरणी म्हणजे शेडच शेड. रिकामी जमीन असणार किती? २००५ मध्ये उच्च न्यायालयाने मूळ वाटणीच्या बाजूने निकाल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

आज लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवर २८० मीटरची इमारत आहे आणि खालच्या रस्त्यावर संध्याकाळी दोन माणसं शेजारी शेजारी चालू शकत नाहीत. उंचीबद्दल माझी तक्रार नाही. जी सलग मैदानं मिळायची होती ती मिळाली नाहीत, ही तक्रार आहे, आणि ती आता भरून निघण्यासारखी नाही.

उभं_शहर
मी इथे टॉवरची बाजू मांडतो, कारण ती नीट मांडली जात नाही. तीच माणसं चार मजल्यांत बसवली तर इमारत भूखंडाचा निम्म्याहून जास्त भाग व्यापते. चाळीस मजल्यांत बसवली तर एक पंचमांशात भागतं. मोकळी जमीन उंचीमुळेच मिळू शकते. शिवाय जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) चाळींमध्ये सामाईक संडास, कुजलेल्या तुळया, लाकडी जिने. त्या लोकांना पक्कं घर हवं आहे आणि त्याचे पैसे विक्रीच्या मजल्यांतूनच येतात.

नकाशेवाला
@उभं_शहर, पूर्ण सहमत, पण "तीच माणसं" या दोन शब्दांपाशी हिशेब अडतो. ४,००० चौ.मी.चा भूखंड, एफएसआय ४ (भूखंडाच्या चौपट बांधकाम), त्यावर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे जादा बांधकाम. एकूण २१,६०० चौ.मी. सरासरी ७० चौ.मी.चं घर धरलं तर तीनशेच्या वर घरं, बाराशे माणसं. एलओएस ८०० चौ.मी. माणशी पाऊण चौरस मीटरही येत नाही. शहरी नियोजनाची केंद्र सरकारची २०१४ची मार्गदर्शक तत्त्वं माणशी १० ते १२ चौ.मी. मोकळी जागा सुचवतात. मुंबई आज सव्वा चौरस मीटरच्या आसपास आहे.

आणि वाचलेली जमीन जाते कुठे? गाड्यांकडे. घरं मोठी झाली की पार्किंग वाढतं, पार्किंग वाढलं की पोडियम रुंदावतो आणि भूखंडाच्या कडेपर्यंत येतो. टॉवर वर बारीक दिसतो, पण त्याचा पाया सहा-सात मजल्यांची भिंत असते. जुन्या चाळीला रस्त्याकडे दुकानं होती, ओटे होते, गॅलरीतून खाली लक्ष असायचं. पोडियमच्या भिंतीला रस्त्याकडे फक्त लोखंडी जाळ्या आणि गाड्यांचं फाटक. तिथे रात्री नऊनंतर बाई एकटी चालायला घाबरते, हे रचनेचं अपयश आहे.

त्यावरचा उपाय अवघड नाही. पोडियमच्या रस्त्याकडच्या बाजूला तळमजल्यावर सहा ते आठ मीटर खोलीची दुकानं किंवा सोसायटीचं कार्यालय, वाचनालय, बालवाडी ठेवायची आणि गाड्या त्यांच्या मागे. नकाशा मंजुरीआधी सोसायटीने हे करारात घालून घेतलं तर होतं. मंजुरीनंतर कोणी बदलत नाही.

गिरणगावकर
यात सार्वजनिक वाहनतळही जोडा. वाहनतळ बांधून पालिकेला दिला की वाढीव एफएसआय मिळायचा. त्यातून लोअर परळसारख्या भागात मोठाले वाहनतळ उभे राहिले, टॉवर आणखी वाढले, आणि त्या वाहनतळांकडे येणाऱ्या गाड्यांनी त्याच अरुंद रस्त्यांवर गर्दी केली. रस्त्याची रुंदी तीच राहिली.

भरती_ओहोटी
मातीचा मुद्दा नकाशेवाल्यांनी काढला, तो पाण्याच्या बाजूने सांगते. एलओएसमधल्या "मदर अर्थ"ला मी बागेपेक्षा पर्जन्यजलाची सोय जास्त मानते.

मुंबईची जुनी गटारं ताशी २५ मिमी पावसासाठी, तीही ओहोटी धरून बांधली होती. त्यात ०.५ हा अपवाह गुणांक गृहीत होता, म्हणजे पडलेल्या पाण्यातलं निम्मं जमिनीत मुरेल असं धरलं होतं. १९९३च्या ब्रिमस्टोवॅड या पर्जन्यजल निचऱ्याच्या अहवालाने ताशी ५० मिमी आणि गुणांक १ धरायला सांगितलं, कारण मुरायला जमीनच उरली नव्हती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला तेव्हा हे सगळ्यांना कळलं.

शहरातून समुद्राला मिळणारी १८६ पातमुखं, म्हणजे गटारांची तोंडं आहेत. त्यातली ४५ सरासरी समुद्रपातळीच्या खाली, १३५ भरतीच्या पातळीखाली, आणि भरतीच्या वर फक्त ६. साडेचार मीटरची भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की पातमुखांची दारं बंद करावी लागतात आणि पाणी फक्त पंपाने निघतं. हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलंड बंदर, ब्रिटानिया, इर्ला, गझधरबंध ही सहा उदंचन केंद्रं त्यासाठी आहेत.

आता तोच ३,२०० चौ.मी.चा भूखंड. कडेपासून कडेपर्यंत तळघर आणि वर फरशी असेल तर ताशी ५० मिमी पावसात एका तासात १६० घनमीटर पाणी थेट रस्त्याच्या गटारात. टँकरच्या भाषेत दहा हजार लिटरचे सोळा टँकर. एका गल्लीत असे पाच प्रकल्प झाले की गल्ली तुंबते, आणि तिथल्या तळमजल्यावरच्या जुन्या घरांत पाणी शिरतं.

बांधकाम चालू असतानाही तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा. खोदाईतलं पाणी उपसून गटारात सोडतात, त्याबरोबर गाळ जातो. सोडण्याआधी गाळ बसायची टाकी हवी. पायलिंगमध्ये (पायाचे खोल खांब घालताना) वापरलेल्या बेंटोनाइट मातीचा चिखल गटारात गेला तर तो तळाला थापला जातो आणि पाण्याने वाहून जात नाही. आणि किनाऱ्याजवळ सतत उपसा केला की गोड्या पाण्याची पातळी उतरते, शेजारच्या विहिरी मचूळ होतात, जुन्या इमारतीचा उथळ पाया खचू शकतो. शेजारच्या इमारतींवर तडे मोजायच्या काचपट्ट्या खोदाईच्या आधी लावून, तारखेसह फोटो काढून ठेवा. नंतर लावलेल्या पट्टीने काही सिद्ध होत नाही.

सीफेसवरून
@भरती_ओहोटी, सीआरझेडमुळे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांमुळे, समुद्राजवळ एफएसआय गोठलेला होता ना? मग आता अगदी पहिल्या रांगेत एवढे टॉवर कसे?

भरती_ओहोटी
गोठलेला होता, १९९१च्या पातळीवर. १८ जानेवारी २०१९च्या अधिसूचनेने सीआरझेड-२ मध्ये, म्हणजे आधीच वसलेल्या किनारी भागात, ती गोठवणूक काढली आणि त्या तारखेला लागू असलेला एफएसआय दिला. मुंबईसाठी तिचा खरा अंमल किनारा व्यवस्थापन आराखडा सप्टेंबर २०२१ मध्ये मंजूर झाल्यावर सुरू झाला. जुनी अट कायम आहे: बांधकाम अस्तित्वातल्या रस्त्याच्या किंवा अधिकृत इमारतीच्या जमिनीकडच्या बाजूलाच. खाडीकाठची मर्यादा १०० मीटरवरून ५० मीटरवर आली.

लोकांच्या कामाची एक तरतूद मात्र विसरू नका. मुंबईत सीआरझेड-२ मधल्या, विकास आराखड्यात दाखवलेल्या बागा आणि मैदानं ना-विकास क्षेत्र धरली जातात. तिथे खेळ आणि करमणुकीच्या सोयींपुरता १५ टक्क्यांपर्यंत एफएसआय. किनाऱ्यावरच्या मैदानात कोणी मोठा क्लब आणत असेल तर हा आकडा पुढे करा. कांदळवनाचं क्षेत्र १,००० चौ.मी.हून मोठं असेल तर भोवती ५० मीटरचा संरक्षक पट्टाही लागतो.

वलांडी
सगळे बागांबद्दल बोलत आहेत. कोळीवाड्याची मोकळी जागा बागेसारखी दिसत नाही, म्हणून नकाशात ती "रिकामी" दाखवली जाते. बोंबील वाळवायच्या वलांड्या, जाळी पसरायची आणि शिवायची जागा, होड्या ओढून घ्यायचा उतार, बर्फ उतरवायचा धक्का. यातलं एक जरी गेलं तरी धंदा बसतो. नकाशावर हद्द मारताना घरांच्या कडेने रेघ मारतात आणि वाळवणाची जागा बाहेर राहते. कोळीवाड्याच्या सीमांकनात हरकत घेताना या जागांचं मोजमाप लांबी-रुंदीसह, कोणत्या महिन्यात काय वापर होतो ते लिहून द्या.

टॉवरची सावली हाही आमच्यासाठी मोकळ्या जागेचाच प्रश्न आहे. पश्चिम किनाऱ्यावर इमारती पूर्वेला आणि समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सकाळची सावली किनाऱ्यावर पडते. मुंबईच्या अक्षांशावर डिसेंबरच्या शेवटी सकाळी ९ वाजता सावली उंचीच्या साधारण अडीचपट लांब असते आणि वायव्येकडे जाते. म्हणजे २०० मीटरच्या इमारतीची जवळपास ५०० मीटर. भर दुपारीसुद्धा उत्तरेकडे १८० मीटर. बोंबील सुकवायचा हंगाम नेमका हिवाळ्यातला. सकाळचं ऊन दोन तास उशिरा आलं तर मासळी ओली राहते, तिला वास मारतो, भाव पडतो. मोठ्या प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीत सावलीचा अभ्यास २१ डिसेंबरसाठी मागा. बिल्डरकडून येणारा नकाशा बहुतेक वेळा मार्च किंवा जूनचा असतो, तेव्हा सूर्य वर असतो आणि सावली आखूड दिसते.

सागरी किनारा मार्गाच्या वेळी वरळी कोळीवाड्याने क्लीव्हलंड बंदराच्या तोंडाशी दोन खांबांमधलं अंतर वाढवून मागितलं. ६० मीटरच्या फटीतून उसळत्या समुद्रात होडी काढणं जीवावरचं होतं. बरीच झुंज दिल्यावर एक खांब वगळून १२० मीटर मिळाले. मागणी त्याहून जास्त होती, पण आकड्यानिशी मागितलं म्हणून एवढं तरी पदरात पडलं.

उभं_शहर
सागरी मार्गाचा विषय निघालाच आहे तर तिथल्या जमिनीबद्दल कोणी लिहील का? एवढी मोठी सलग मोकळी जागा मुंबईला अनेक पिढ्यांत मिळालेली नाही.

नकाशेवाला
मार्ग १०.५८ किमी, भराव सुमारे १११ हेक्टर, त्यातली सुमारे ७० हेक्टर मोकळ्या जागांसाठी, सोबत साडेसात किमीचा विहारपथ. पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये वाहनांना खुला झाला, विहारपथाचा मोठा भाग ऑगस्ट २०२५ मध्ये लोकांना. या भरावावर निवासी किंवा व्यापारी बांधकाम करायचं नाही, आज नाही आणि पुढेही नाही, ही मंजुरीतली अट आहे. ती अट प्रत्येक हरकतीत पहिल्या ओळीत लिहावी असं माझं मत आहे. वीस वर्षांनी कोणी "फक्त थोडंसं" मागायला येईल तेव्हा तिचाच आधार.

खरी अडचण पोहोचण्याची आहे. हिरवा पट्टा आणि शहर यांच्यामध्ये आठ पदरी रस्ता आहे, ८० किमी वेगाचा. त्यामुळे बाग किती हेक्टर यापेक्षा पादचारी भुयारी मार्ग किती, किती अंतरावर आणि कोणत्या बसथांब्याजवळ उघडतात, हे महत्त्वाचं. लहान मूल घेऊन किंवा काठी टेकत चालणारं माणूस एका बाजूने फार तर ४०० मीटर येतं. दोन भुयारी मार्गांतलं अंतर ८०० मीटरहून जास्त झालं की मधल्या बागेत फक्त धावणारे आणि कुत्रं फिरवणारे उरतात. भुयारी मार्गात उताराचा रॅम्प १:१२ हून तीव्र नको, पावसाळ्यात पंप आणि दिवे वेगळ्या वीजपुरवठ्यावर हवेत, आणि आत शिरल्याबरोबर दुसरं टोक दिसलं पाहिजे. वळण असलेला भुयारी मार्ग लोक टाळतात.

खारा_वारा
विहारपथाच्या बांधणीबद्दल थोडं, कारण समुद्राकाठी बहुतेक चुका साहित्याच्या होतात आणि तीन पावसाळ्यांत बाहेर पडतात.

काँक्रीट: समुद्राचे तुषार लागतात तो भाग आयएस ४५६ या भारतीय मानकात "अतितीव्र" वर्गात येतो. किमान एम ३५ दर्जाचं काँक्रीट आणि सळईवर ५० मिमी आवरण. साइटवर आवरणाचे ठोकळे ४० मिमीचे वापरले जातात आणि ते ओतकामात सरकतात. ओतायच्या आधी ठोकळे मोजा. सळई गंजली की फुगते, काँक्रीट फोडते, मग वरून कितीही प्लास्टर करा.

कठडे: स्टेनलेस स्टीलचा ३०४ दर्जा किनाऱ्यावर वर्षभरात तांबूस ठिपके धरतो. ३१६ लागतो. निविदेत नुसतं "स्टेनलेस स्टील" लिहिलं तर ३०४च येणार. वेल्डिंगचे सांधे घासून, पिकलिंग (आम्लाने सफाई) करून घ्या. गंज तिथूनच सुरू होतो.

झाडं: भराव दगडांचा असतो, पाणी धरत नाही. दगडावर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) अंथरून वर किमान सव्वा ते दीड मीटर चांगली माती हवी. जिओटेक्स्टाइल विसरलं तर माती दगडांच्या फटींत उतरत जाते आणि दोन वर्षांत झाडं तिरकी होतात. पहिल्या रांगेत उंडी, पारिसा भेंड, नारळ, केवडा. त्यांच्या आडोशाला करंज. गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष सुंदर दिसतात, पण उघड्या किनाऱ्यावरच्या वादळी वाऱ्यात फांद्या मोडतात.

पोडियमवरच्या बागेला हेच लागू. मोठ्या झाडाला सव्वा मीटर ओली माती म्हणजे चौरस मीटरला दोन टनांच्या वर वजन. घरातल्या खोलीचा स्लॅब २०० किलोच्या भाराला धरलेला असतो. त्यामुळे जाहिरातीत पोडियमवर वड-पिंपळ दिसले तर संरचना अभियंत्याच्या आराखड्यात त्या जागेचा भार किती धरलाय ते विचारा. बहुतेक ठिकाणी ३०-४५ सेंमी माती असते, त्यात हिरवळ आणि झुडपंच जगतात. अग्निशमन गाडीचा मार्ग पोडियमवरून असेल तर तो स्लॅब ४८ टनांच्या गाडीसाठी हवा, आणि त्या मार्गावर कुंड्या, बाक, कारंजी काहीही येता कामा नये.

वारा: मुंबईसाठी आयएस ८७५ मध्ये मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर. उंच इमारतीवर आदळलेला वारा खाली वळतो आणि दोन टॉवरमधल्या फटीत जोर धरतो. पवन-बोगद्यातली चाचणी इमारतीच्या ढाच्यासाठी आणि काचांसाठी होते. खाली चालणाऱ्या माणसाला किती वारा लागेल ते वेगळं तपासून मागावं लागतं. पोडियमची कड टॉवरच्या भिंतीपासून पुढे असेल किंवा पहिल्या मजल्यावर रुंद छज्जा असेल तर खालचा वारा बराच मोडतो.

सीफेसवरून
स्वच्छतागृहं विसरू नका. कितीही चांगला विहारपथ असो, बायकांसाठी स्वच्छ आणि उघडं स्वच्छतागृह नसेल तर त्या अर्ध्या तासात परततात.

खारा_वारा
बरोबर. दर ५०० मीटरला एक, आणि भरतीच्या तुषारांपासून मागे. त्याची मलवाहिनी भरावात टाकताना लवचिक सांधे लागतात, कारण भराव पहिली काही वर्षं बसत राहतो. कडक सांधा तुटला की स्वच्छतागृह "दुरुस्तीसाठी बंद" होतं आणि बंदच राहतं.

पूर्वकिनारा
पश्चिमेची चर्चा चालू असताना पूर्वेची जमीन हातची जाऊ नये. कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंत बंदर प्राधिकरणाच्या ताब्यातला मोठा पट्टा आहे. २०१८ मध्ये बंदराला या भागापुरतं विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं, म्हणजे इथल्या आराखड्यावरची हरकत पालिकेच्या खिडकीवर देऊन उपयोग नाही. ससून डॉक, भाऊचा धक्का, शिवडीची चिखलाची पुळण आणि तिथे येणारे रोहित पक्षी. इथे सलग किनारपथ आजही शक्य आहे, कारण बांधकामं अजून झालेली नाहीत. पाण्याला लागून किमान एक सलग सार्वजनिक पट्टी आधी आखून घ्यायची आणि मग भूखंड पाडायचे. उलट क्रमाने काम झालं की प्रत्येक भूखंड पाण्यापर्यंत कुंपण नेतो.

माहिती_अर्ज
प्रत्यक्षात कागद कसे मिळवायचे ते कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

जमिनीचा क्रमांक मिळवा: शहरात सी.एस., उपनगरात सी.टी.एस. त्यावरून मालमत्ता पत्रक आणि पालिकेच्या संकेतस्थळावरून शुल्क भरून "डीपी रिमार्क". आरक्षण, रस्तारुंदी, वारसा क्षेत्र सगळं त्यात येतं. मग महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या पानावर प्रकल्प शोधा. आयओडी (नकाशाची सशर्त मंजुरी), सीसी (बांधकाम सुरू करायची परवानगी) आणि मंजूर लेआउट तिथे चढवलेला असतो. बांधकाम २०,००० चौ.मी.हून जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. ती आणि सहामाही अनुपालन अहवाल केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर बघा. खऱ्या मातीचं क्षेत्र, तोडायची झाडं, मुरवायचं पाणी हे आकडे तिथे असतात, आणि ते महारेराच्या नकाशाशी जुळले नाहीत तर तुमच्या हातात मोठा मुद्दा आहे.

यानंतर इमारत प्रस्ताव विभागाकडे माहिती अधिकाराचा अर्ज. १० रुपये शुल्क. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे "सर्व कागदपत्रे द्या" असं लिहू नका. दोन गोष्टी नेमक्या मागा: एलओएसच्या क्षेत्रफळाची आकडेमोड दाखवणारं मंजूर पान, आणि मोकळ्या अंतरात दिलेल्या सवलतींचा प्रस्ताव. इमारतीभोवतीचं अंतर अधिमूल्य भरून कमी करून घेता येतं. किती मीटर लागत होते, किती ठेवले आणि त्यासाठी काय कारण लिहिलं, ते त्या प्रस्तावात असतं. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

आरक्षण बदलायचं असेल तर एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम ३७ ची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते. हरकतीला एक महिना. २०१५ च्या प्रारूप आराखड्यावर हजारोंनी हरकती गेल्या आणि तो मागे घ्यावा लागला. हरकत एकगठ्ठा छापील नको. प्रत्येकाने सी.एस. क्रमांक, आरक्षणाचा प्रकार, क्षेत्रफळ आणि ४०० मीटरच्या आतल्या दुसऱ्या मैदानांची नावं लिहून द्यावी, आणि सुनावणीला स्वतः हजर राहावं. झाडांसाठी मुदत फारच कमी, सूचना लागल्यापासून ७ दिवस. पन्नास वर्षांहून जुनं झाड २०२१ च्या दुरुस्तीनुसार वारसा वृक्ष धरलं जातं. वय लिहून हरकत द्या.

वलांडी
ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळाल्यावर एलओएसवर गाड्या लावायला सुरुवात झाली, किंवा तिला कुंपण घालून क्लबला दिली, तर कुठे जायचं?

माहिती_अर्ज
ओसीनंतर प्रकरण इमारत प्रस्ताव विभागाकडे राहत नाही. वॉर्ड कार्यालयातल्या इमारत आणि कारखाने विभागाकडे तक्रार करायची. सोबत ओसीला जोडलेल्या नकाशाची प्रत, त्यावर एलओएसची हद्द लाल रेघेने, आणि त्याच जागेचे दोन वेगवेगळ्या दिवसांचे फोटो. नकाशातला एक पक्का बिंदू, उदाहरणार्थ फाटकाचा खांब किंवा लिफ्टच्या भिंतीचा कोपरा, फोटोतही दिसायला हवा आणि तिथून टेपने मोजलेलं अंतर फोटोमागे लिहायला हवं. तक्रारीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.